वस्तीवर वाय-फाय: आधी खांब, मग अँटेना

सोलापूरच्या आसपास एकच अडचण दोन रूपांत भेटते. गावातल्या घरी फायबर आलंय, पण वस्ती सव्वा किलोमीटर आत रानात, आणि तिथं मोबाईलला जेमतेम दोन काड्या. नाहीतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्याच्या ऑफिसात नेट पळतंय, पण चारशे मीटरवरच्या गोडाऊनमधले कॅमेरे आणि बिलिंगचा कॉम्प्युटर कोरडे. दोन्हीवर उपाय एकच, डायरेक्शनल अँटेनांची जोडी. आणि दोन्हीकडे चूकही एकच होते. दुकानात जाऊन "सगळ्यात जास्त डीबीआयचा द्या" (डीबीआय म्हणजे अँटेना ताकद एका बाजूला किती वळवतो त्याचं माप) म्हणून मोठी डिश आणायची, ती गच्चीच्या कठड्याला बाइंडिंग वायरनं बांधायची, आणि सिग्नल मिळाला नाही की कंपनीला नावं ठेवायची. पैसे डीबीआयवर कमी आणि खांबाच्या उंचीवर जास्त गेले, तर यातल्या बहुतेक जोडण्या लहान अँटेनावरही नीट चालतात.

शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण तोंडाभोवती दोन्ही हात धरतो आणि उत्तर ऐकताना हात कानामागं नेतो. डायरेक्शनल अँटेना एवढंच करतो. रेडिओची ताकद वाढत नाही, चहूकडे सांडणारी ताकद एका बाजूला वळते. ऐकताना मात्र तो बाजूचा गोंगाटही गाळतो, आणि साखर पेठ किंवा जुळे सोलापूरसारख्या दाट भागात खरी कमाई ही असते. डीबीआयचं गणित लक्षात ठेवायला सोपं आहे: ३ डीबी वाढले की त्या दिशेची ताकद दुप्पट, आणि अंतर दुप्पट करायचं तर एकूण ६ डीबी जास्त लागतात. म्हणजे दोन्ही टोकांना १३ ऐवजी १६ डीबीआयचा अँटेना लावला की कागदावर पल्ला दुप्पट होतो. झाड, पत्रा आणि पाण्याची टाकी कागदावर नसतात.

अँटेना लागतोच का?

अंतर ९० मीटरच्या आत असेल तर कॅट-६ केबल ओढा आणि हा लेख इथंच सोडा. ३००-४०० मीटर असेल आणि मधली जागा आपलीच असेल, तर आर्मर्ड फायबर जमिनीतून टाकून दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरचा सिग्नल साध्या नेटवर्क केबलवर आणणारा डबा) लावणं जास्त टिकाऊ. वळवाच्या विजांची झळ काचेच्या तारेला लागत नाही. घरातल्या घरात मागच्या खोलीत वाय-फाय पोचत नाही, यावरही डायरेक्शनल अँटेना हा इलाज नाही. जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीपुढं कुठलाच डीबीआय चालत नाही, तिथं केबल टाकून दुसरा ॲक्सेस पॉइंट लावावा.

मधे दुसऱ्याची रानं, रस्ता, ओढा किंवा कॅनॉल आहे आणि दोन्ही टोकं एकमेकांना दिसतात, तर मात्र रेडिओसारखा उपाय नाही. पुढचे आकडे १.२ किलोमीटरच्या जोडणीचे आहेत.

रेषा मोकळी हवी, आणि रेषेभोवतीची जागाही

गुगल मॅप्सवर दोन्ही घरांमधलं अंतर मोजा, गुगल अर्थवर मधल्या जमिनीचा चढउतार पाहा. आपल्याकडचं माळरान साधारण सपाट असल्यामुळं टेकडीची अडचण क्वचित येते. पृथ्वीच्या गोलाईचा एवढ्या अंतरात विचारही करू नका, मध्यावर ती तीन सेंटीमीटरसुद्धा भरत नाही. अडचण येते ती झाडांची, टाक्यांची आणि पिकांची.

जिथं अँटेना बसणार तेवढ्याच उंचीवर चढून बघा. अंगणातून बघून काही कळत नाही. दिवसा एका टोकाला आरसा घेऊन माणूस उभा करा आणि उन्हाचा कवडसा दुसरीकडं पाडायला सांगा. आरसा नसेल तर रात्री मोठी बॅटरी चालते. कवडसा स्पष्ट दिसला तर पुढं चला. लिंबाच्या फांद्यांतून अधूनमधून लुकलुकला, तर ते "दिसलं" धरू नका. पाच गिगाहर्ट्झवर एक दाट झाड १० ते २० डीबी सहज खातं, आणि पावसानं भिजलेली पानं त्याहून जास्त.

रेषा दिसली म्हणजे झालं, असंही नाही. लहरी दोरीसारख्या सरळ जात नाहीत. त्यांना लागणारी जागा पखवाजासारखी असते, दोन्ही टोकांना निमुळती आणि मधे फुगीर. या फुगवट्याला फ्रेनेल झोन म्हणतात. मध्यावरची त्याची त्रिज्या मीटरमध्ये काढायची असेल तर किलोमीटरमधलं अंतर भागिले गिगाहर्ट्झमधली फ्रीक्वेन्सी करा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि ८.६६ नं गुणा. १.२ किलोमीटर आणि ५.८ गिगाहर्ट्झला उत्तर येतं ३.९ मीटर. त्यातला ६० टक्के भाग, म्हणजे २.४ मीटर, तरी रेषेखाली मोकळा लागतो. हीच जोडणी २.४ गिगाहर्ट्झवर केली तर ३.७ मीटर मोकळे लागतात. कमी फ्रीक्वेन्सी लांब जाते हे खरं, पण तिला जागाही जास्त लागते.

आता यात ऊस घाला. एप्रिलमध्ये रान मोकळं असताना बसवलेली लिंक दिवाळीत मरते, ती यामुळंच. उभा ऊस साडेतीन मीटर धरा, त्यावर २.४ मीटर, झाले ५.९. म्हणजे मध्यावर रेषा जमिनीपासून ६ मीटर, जवळजवळ २० फूट हवी. माळवदाचं घर १०-११ फूट उंच असतं, तर त्याच्यावर आणखी १० फूट खांब दोन्हीकडं लागणार. ज्वारी, अगदी उंच वाढणारी मालदांडीसुद्धा, उसापेक्षा बुटकी. उसाचा हिशोब केला की तिची काळजी मिटते. डाळिंबाच्या बागेचं तर नावच नको, ती कधी आडवी येत नाही. शेजाऱ्यानं बांधावर सागवान लावलंय का, ते मात्र विचारून घ्या.

किती डीबीआय पुरतो, ते पाच मिनिटांत काढा

मोकळ्या हवेत ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल पहिल्या किलोमीटरमध्ये १०७.७ डीबी गमावतो, १.२ किलोमीटरला १०९.३. रेडिओची ताकद २० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरात) आणि दोन्हीकडं १३ डीबीआयचा साधा पॅनेल धरा. २० अधिक १३ अधिक १३ वजा १०९.३, म्हणजे उणे ६३ डीबीएम. रोख नीट धरला तर प्रत्यक्षात उणे ६४ ते ६७ मिळतो, आणि चार-सहा कॅमेरे, मुलांचा अभ्यास, व्हिडिओ कॉल एवढ्याला तो पुरतो.

उणे ५० ते ६५ उत्तम. उणे ७० काठावर, पावसाळ्यात रडणार. उणे ७५ वर जोडणी दिसते पण काम होत नाही. उणे ४० पेक्षा जोरात सिग्नल आला तर तोही दोष आहे, रिसीव्हरचा कान बधिर होतो. गोडाऊन दोनशे मीटरवर असताना डिश लावली की हेच होतं. तिथं ताकद कमी करा.

डिश केव्हा घ्यावी? तीन किलोमीटरच्या पुढं, किंवा शहरात गोंगाट फार असेल तर. २३ डीबीआयच्या डिशचा झोत साधारण सात ते दहा अंशांचा असतो. आठ अंशांचा झोत एका किलोमीटरवर १४० मीटर रुंद पडतो. ऐकायला रुंद वाटतं, पण खांब वाऱ्यानं चार अंश फिरला की आपण झोताच्या कडेवर आलो. लहान पॅनेलचा झोत तीस-पंचेचाळीस अंशांचा असतो, तो एवढ्यानं दचकत नाही.

सामान

रेडिओ आणि अँटेना एकाच डब्यात असलेलं "सीपीई" घ्या, दोन्ही टोकांना एकाच कंपनीचं आणि शक्यतो एकच मॉडेल. टीपी-लिंकचा सीपीई५१०, युबिक्विटीचा नॅनोस्टेशन लोको, मायक्रोटिकचा एसएक्सटी या जातीतले पॅनेल १३ ते १६ डीबीआयचे आहेत. सीपीई७१० किंवा लाइटबीम या २३ डीबीआयच्या डिशा. दुकानात पोर्टचा स्पीड विचारा. सीपीई५१० च्या डब्यावर ३०० एमबीपीएस लिहिलेलं असलं तरी त्याचा केबलचा पोर्ट १०० चा आहे, म्हणजे हातात फार तर ९० ते ९५ येणार. ती फसवणूक नाही, पण दोनशेचा प्लॅन घेऊन बसलेल्या माणसाला ती तशी वाटते. खरेदी करताना डब्यावर ईटीएचा उल्लेख पाहा, म्हणजे भारतात वापरायला मंजुरी आहे हे कळतं.

घरच्या राउटरच्या काड्या काढून त्या जागी केबलनं मोठा यागी (दांड्यावर ओळीनं काड्या असलेला अँटेना) जोडायचा जुना मार्ग का सोडला, ते सांगतो. पातळ आरजी-५८ केबल २.४ गिगाहर्ट्झवर मीटरमागं जवळजवळ १ डीबी खाते. गच्चीपासून खोलीपर्यंत दहा मीटर आणली की १० डीबी गेले, म्हणजे दहातली नऊ भाग ताकद केबल तापवण्यात खर्च. जाड एलएमआर-४०० वापरली तर दहा मीटरला सव्वादोन डीबीच जातात, पण तिची किंमत आणि वाकवायची मेहनत पाहता रेडिओच खांबावर चढवणं स्वस्त पडतं. तरी कुणाला राउटरलाच अँटेना जोडायचा असेल, तर राउटरवर बहुतेक आरपी-एसएमए कनेक्टर असतो: बाहेरून आटे आणि मधे पिन. अँटेनाच्या केबलला साधा एसएमए असला तर पिनेसमोर पिन येते आणि आतला सांधा बसत नाही. आटे मात्र छान बसतात, म्हणून चूक कळत नाही. डिश टीव्हीची आरजी-६ केबल तर वापरूच नका, ती ७५ ओहमची आहे आणि वाय-फायला ५० ओहम लागतात.

हौसेसाठी पत्र्याच्या डब्याचा अँटेनाही होतो. २.४ गिगाहर्ट्झला डब्याचा व्यास साडेसात ते नऊ सेंटीमीटरच्या मधे हवा. ८.५ सेंटीमीटरचा डबा मिळाला तर बंद तळापासून ५.८ सेंटीमीटरवर भोक पाडा, एन-कनेक्टर बसवा, आणि आतल्या तांब्याच्या तारेची उभी लांबी ३.१ सेंटीमीटर ठेवा. विद्यार्थ्यांनी जरूर करून बघावा. वस्तीवरच्या कॅमेऱ्यांसाठी नको, पहिल्या पावसात डबा गंजतो.

बाकी सामान: दीड इंची जीआय पाइप, प्रत्येक टोकाला १०-१२ फूट, भिंतीचे क्लॅम्प दोन-दोन, बाहेरच्या वापराची काळ्या पीई आवरणाची शिल्डेड कॅट-६ केबल, मोजलेल्या लांबीपेक्षा पाच मीटर जास्त, शिल्डेड आरजे-४५ कनेक्टर दहा, कारण दोन-तीन बिघडतातच, दोन इथरनेट सर्ज अरेस्टर, अर्थिंगसाठी तांब्याची ४ किंवा ६ स्क्वेअर एमएमची वायर, उन्हात टिकणारे काळे टाय, आणि ओळंबा.

केबल घेताना एक टोक सोलून तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी चांदीसारखी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे, दुकानदाराला परत द्या. साठ मीटर शुद्ध तांब्याच्या केबलवर २४ व्होल्टमधले साधारण पावणेदोन व्होल्ट वाटेत जातात. ॲल्युमिनियमच्या केबलवर जवळजवळ तीन. त्यात रात्री सप्लाय कमी झाला की सीपीई चालू-बंद व्हायला लागतो आणि सगळे मिळून अँटेनाला दोष देतात.

सेटिंग टेबलावरच करा

खांबावर चढून लॅपटॉप उघडायची वेळ येऊ देऊ नका. दोन्ही सीपीई एका खोलीत दोन-तीन मीटरवर ठेवा, ताकद एकदम कमी करा आणि इथंच जोडणी पूर्ण करा.

पीओई ॲडॉप्टरवर (नेटवर्कच्या केबलमधूनच सीपीईला वीज देणारा) दोन पोर्ट असतात. "पीओई" लिहिलेल्यातून सीपीईकडं केबल जाते, "लॅन" लिहिलेल्यातून राउटर किंवा लॅपटॉपकडं. उलट जोडलं तर २४ व्होल्ट लॅपटॉपच्या पोर्टात जातात. तसंच कॅमेऱ्याच्या ४८ व्होल्टच्या पीओई स्विचवर २४ व्होल्टचा सीपीई लावू नका. सोबत आलेलाच ॲडॉप्टर वापरा.

लॅपटॉपला हातानं आयपी द्या आणि ब्राउझरमध्ये डब्याचा पत्ता टाका. टीपी-लिंकच्या सीपीईचा १९२.१६८.०.२५४, युबिक्विटीचा १९२.१६८.१.२० आणि मायक्रोटिकचा १९२.१६८.८८.१ असा कारखान्यातून येतो. पहिलं काम देश "इंडिया" निवडणं. २.४ गिगाहर्ट्झला २००५ च्या अधिसूचनेप्रमाणं अँटेनासकट एकूण ४ वॅट, म्हणजे ३६ डीबीएमची मर्यादा आहे. २४ डीबीआयची डिश लावली तर रेडिओ १२ डीबीएमवरच ठेवावा लागतो. पाच गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये बाहेरच्या वापरालाही विनापरवाना खुले झाले. देश बरोबर निवडला की यंत्र मर्यादा स्वतः पाळतं. ही मोकळीक आपली घरं-कारखाने जोडायला आहे. पैसे घेऊन आळीला इंटरनेट विकायचं असेल तर त्याला परवाना लागतो.

मग गावाकडचा डबा ॲक्सेस पॉइंट, वस्तीवरचा क्लायंट, दोन्हीकडं ब्रिज मोड आणि डब्ल्यूडीएस चालू. डब्ल्यूडीएस नसलं तर पलीकडच्या सगळ्या यंत्रांना एकच मॅक पत्ता मिळतो आणि कॅमेरे मधूनच गायब होतात. पत्ते असे द्या: गावातला मुख्य राउटर १९२.१६८.१.१, जवळचा सीपीई .२, लांबचा .३, वस्तीवरचा वाय-फाय राउटर .४. वस्तीवरच्या राउटरचं डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची सोय) बंद करा आणि केबल त्याच्या वॅन नव्हे तर लॅन पोर्टात घाला. एका घरात दोघांनी पत्ते वाटले की कुणाचंच पत्र पोचत नाही. सुरक्षा डब्ल्यूपीए-२ एईएस, पासवर्ड लांबलचक, आणि ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदललेला.

अंतराचा रकाना असतो, त्यात १.३ भरा. तो शून्यावर राहिला तर पोचपावती यायच्या आत रेडिओ तेच पॅकेट पुन्हा पाठवतो, आणि सिग्नल झकास असूनही स्पीड रडतो. एवढं झालं की प्रत्येक डब्यावर मार्करनं "गाव" आणि "वस्ती" लिहा. हसू नका, अदलाबदल होते.

खांब आणि केबल

माळवदात भोक पाडून खांब रोवायचा नाही. माती उकरली की पावसाळ्यात घर गळतं, आणि खांबाला तिथं पकडही नसते. दगडी भिंतीला बाहेरून दोन क्लॅम्प लावा, दोघांत किमान दोन फूट अंतर ठेवून. स्लॅबच्या घरी जिन्याच्या खोलीची भिंत उत्तम. कारखान्यात पत्र्याला नाही, खालच्या लोखंडी कैचीला किंवा विटांच्या गॅबलला पकडा. पत्रा तापून फुगतो आणि माग चालू असताना थरथरतो. क्लॅम्पवर १५ फुटांपेक्षा जास्त खांब गेला तर तीन बाजूंनी ताणाच्या तारा हव्यातच. पत्र्याच्या आत अँटेना ठेवून "सिग्नल येईल की" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, पत्रा म्हणजे रेडिओला भिंत नव्हे, आरसा.

महावितरणची लाईन जवळून जात असेल तर खांब तिच्यापासून निदान स्वतःच्या लांबीपेक्षा दूर हवा. पडला तरी तारेला लागता कामा नये. उभा करताना दोन माणसं, आणि वारा सुटला असेल तर काम उद्यावर.

खांब ओळंब्यानं दोन बाजूंनी तपासा. खांब कलला असेल तर अँटेना डावी-उजवीकडं फिरवताना तो वर-खालीही होतो, आणि मग रोख धरताना काहीच ताळमेळ लागत नाही.

केबल भिंतीवरून आत घ्यायच्या आधी खाली एक वळसा सोडा, म्हणजे पाणी तिथं ठिबकतं, घरात येत नाही. सीपीईचा पोर्ट खालच्या बाजूलाच असला पाहिजे. करड्या पीव्हीसीची घरातली केबल बाहेर वापरली तर सोलापूरचं ऊन तिला दोन-तीन उन्हाळ्यांत तडकवतं. क्रिंपिंगचा क्रम दोन्ही टोकांना सारखा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. शेवटच्या दोन आणि मधल्या निळ्या जोडीतूनच वीज जाते, त्यामुळं या जोड्यांतला एक सांधा ढिला असला की सीपीई पेटतच नाही किंवा थंडीत चालतो आणि उन्हात बंद पडतो.

केबल घरात शिरते तिथं सर्ज अरेस्टर, त्याची वायर थेट अर्थिंगच्या रॉडपर्यंत, वळणं न देता. खांबालाही अर्थिंग द्या. थेट पडलेल्या विजेपासून काहीच वाचवत नाही. अरेस्टर वाचवतो तो जवळपास पडलेल्या विजेच्या झटक्यापासून, आणि बहुतेक वेळा तोच आलेला असतो. वळीव कडाडायला लागला की पीओईची पिन काढून ठेवायची सवय घरच्यांना लावा.

रोख धरणं

या कामाला दोन माणसं, दोन फोन आणि दीड तास द्या. गुगल मॅप्सवरून दुसऱ्या टोकाची दिशा अंशात काढा. फोनचा होकायंत्र खांबाला चिकटून बघू नका, लोखंडामुळं वीस अंशांनीही चुकतो. तीन मीटर मागं सरका, दिशेतलं एक लांबचं झाड किंवा टाकी हेरा आणि अँटेना तिच्याकडं वळवा. दोन्ही टोकं जवळजवळ सारख्या उंचीवर असतील तर वर-खाली कल शून्य. एका किलोमीटरवर १२ मीटरचा फरक असला तरी कल पाऊण अंशच होतो.

आता एका टोकाचा माणूस थांबेल, दुसरा फिरवेल. नट इतके सैल की अँटेना हलेल, पण सोडला तर तिथंच राहील. पाच अंश सरकवा, हात काढा, दहा सेकंद थांबा, आकडा वाचा. बहुतेकांची चूक इथं होते: आकडा ताजा व्हायच्या आत पुढं सरकतात. आकडे कागदावर लिहा. उणे ८१, उणे ७९, उणे ८२, मग एकदम उणे ६६, उणे ६४, उणे ६७, मग परत उणे ८०. डावीकडची ती छोटी उणे ७९ ची टेकडी म्हणजे बाजूचा झोत. पहिल्या टेकडीवर खूश होऊन नट आवळला तर पंधरा डीबी कायमचे घालवलेत. म्हणून शिखर सापडलं तरी पलीकडं उतरून बघायचंच, आणि मग परत यायचं.

मग वर-खाली, तसंच. मग दुसऱ्या टोकाला सगळं पुन्हा. शेवटी पहिल्या टोकाला एकदा बारीक सुधारणा. नट आवळताना आकड्याकडं लक्ष ठेवा, आवळताना अँटेना एक-दोन अंश सरकतोच. दोन्ही नट आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा.

मिळालेला आकडा आधीच्या हिशोबाशी ताडून बघा. हिशोब उणे ६३ आणि हातात उणे ७८, तर तुम्ही बाजूच्या झोतावर आहात किंवा मधे काहीतरी आहे. सेटिंगच्या पानावर दोन चेनचे (एकाच डब्यातल्या दोन अँटेना-वाटांचे) आकडे वेगळे दिसतात. त्यांत पाच डीबीपेक्षा जास्त फरक असेल तर एक अँटेना आडवा किंवा तिरका बसलाय का पाहा. यागी वापरत असाल तर दोन्हीकडच्या काड्या एकाच रीतीनं उभ्या किंवा आडव्या हव्यात; एक उभी, एक आडवी असली की वीसेक डीबी जातात.

चॅनेल

सर्व्हे किंवा स्पेक्ट्रम नावाचं साधन सीपीईमध्येच असतं. ते संध्याकाळी आठ वाजता चालवा, सकाळी अकराला नाही. गोंगाट रात्री असतो. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६, ११ पलीकडं जाऊ नका आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा. ५ गिगाहर्ट्झमध्ये १४९ ते १६५ पासून सुरुवात करा. ५२ ते १४४ या मधल्या चॅनेलांवर रडारला वाट द्यावी लागते: यंत्र आधी मिनिटभर ऐकतं, आणि रडारचा ठोका ऐकला की चॅनेल सोडून अर्धा तास तिकडं फिरकत नाही. सोलापूरकरांनी हे हलक्यात घेऊ नये. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं पावसाच्या प्रयोगासाठी सोलापुरात सी-बँडचं हवामान रडार बसवलं होतं, आणि ही रडारं ५६०० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे १२० ते १२८ चॅनेलांच्या पट्ट्यातच चालतात. नेट कारण नसताना मिनिटभर जाऊन परत येत असेल तर लॉगमध्ये डीएफएस (रडारला वाट द्यायच्या या नियमाचं नाव) शब्द शोधा.

८० मेगाहर्ट्झची रुंदी मोठी दिसते म्हणून निवडू नका. रुंदी दुप्पट केली की गोंगाटही ३ डीबीनं जास्त गोळा होतो. गावात ४०, शहरात २० पासून सुरुवात. नंतर आयपर्फ-३ या प्रोग्रॅमनं दोन लॅपटॉपमध्ये स्पीड मोजा. इंटरनेटच्या स्पीड टेस्टवर जाऊ नका, त्यात फायबरवाल्याचीही चूक मिसळते. स्क्रीनवरच्या लिंक रेटच्या साधारण निम्मा खरा स्पीड मिळणं हे ठीकच आहे, कारण वाय-फाय एका वेळी एकच बाजू बोलतं.

बिघाड कधी होतो, ते विचारा

नेट "जातं" यावरून काही कळत नाही. कधी जातं यावरून बहुतेक कळतं.

रोज रात्री आठ ते अकरा मंद आणि पहाटे सुसाट, सिग्नलचा आकडा मात्र तोच: शेजारचं चॅनेल. चॅनेल बदला, रुंदी कमी करा. दुपारी दोन ते पाच बंद: उष्णता. सीपीई ७० अंशांपर्यंत तग धरतो, पण त्याचा ॲडॉप्टर घरात वापरायचा असतो, साधारण ४० अंशांपर्यंतचा. तो पत्र्याखाली प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवला तर एप्रिल-मेमध्ये शिजतो. सावलीत, खालच्या मजल्यावर, उघडा ठेवा. मागाच्या खोलीत तर मुळीच नको, कापसाचा तूस जाळीसारखा बसतो.

वारं सुटल्यावर आकडा नाचतो: खांब फिरतोय किंवा मधे फांदी हलतेय. पाऊस थांबल्यावरही तासन्‌तास खराब: कनेक्टरमध्ये पाणी किंवा भिजलेलं झाड, खुद्द पावसामुळं पाच गिगाहर्ट्झवर एक-दोन किलोमीटरला फार फरक पडत नाही. लाईट आल्याबरोबर काही मिनिटं बंद: राउटर, सीपीई आणि फायबरचा डबा वेगवेगळ्या वेळी जागे होतात, थांबा. रानातल्या लाईटच्या पाळ्या सांभाळायच्या तर पीओई आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. सीपीईला आठ-दहा वॅट पुरतात. साधा १२ व्होल्टचा राउटर-यूपीएस २४ व्होल्टच्या सीपीईला चालत नाही, विकणारा काहीही म्हणो.

आणि महिन्याला दोन-तीन डीबीनं हळूहळू उतरत चाललेला आकडा: ऊस. फ्रेनेलचा हिशोब कंजूषपणानं केलेला आहे, खांब वर घ्या किंवा तोडणीची वाट बघा.

काम झालं की तारीख, दोन्हीकडचा सिग्नल, दोन्ही चेनचे आकडे, चॅनेल, दिशेचे अंश आणि चारही आयपी पत्ते मार्करनं लिहून पीओई ठेवलेल्या जागेशेजारी भिंतीवर चिकटवा. आज उणे ६५ लिहिलेलं असलं तर सहा महिन्यांनी उणे ७२ दिसल्यावर खांबावर चढायचं की चॅनेल बदलायचं, हे तिथंच उभं राहून ठरवता येतं.